सातव्या खाटेची रेघ

१२ मे, सोमवार

इस्पितळात टॅबचं नवं काम बघणाऱ्या चिसालेसाहेबांनी आज मला दोन वह्या दिल्या. निळी कामाची. कुठल्या खाटेवरच्या बाईच्या दंडाचा पट्टा किती वाजता सुटला, किती वाजता लागला, ते तिच्यात टिपायचं. दुसरी चुकून जास्तीची आली होती. परत करायला गेले तर म्हणाले, "राहू द्या आगोगो, नातवंडांना चित्रं काढायला होईल." माझं नाव एनिफा, पण इथे सगळ्यांची मी आगोगो, म्हणजे आजी. नातवंडं सगळी ब्लँटायरला. त्यामुळे ही वही माझी. औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवत जुळवत मी वाचायला शिकले, आणि बासष्टाव्या वर्षी स्वतःपुरतं लिहायला कागद मिळाला. देव कधी काय हातात ठेवील सांगता येत नाही.

आमच्या सिझरच्या खोलीत बारा खाटा. आता प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक टॅब टांगलाय. बाईच्या दंडाला पट्टा बांधायचा, की तार नाही काही नाही, तिच्या काळजाचे ठोके टॅबवर रेघ होऊन चालू लागतात. सिस्टरांच्या टेबलावर मोठा टॅब आहे, तिथे बाराही रेघा एकाखाली एक. ठिपका हिरवा म्हणजे बाई ठीक. पिवळा झाला तर उठून बघायचं. लाल झाला तर तो ओरडतोच.

मी बघत उभी राहिले. माझी लेक एस्नार्ट याच खोलीत गेली. आतून रक्त जात होतं आणि वरून पोर नुसती झोपल्यासारखी. सिस्टर पलीकडच्या खोलीत, मी बाहेर, नातलग सोबतिणींच्या शेडमध्ये, चूल फुंकत बसलेली. चूक कुणाचीच नव्हती. बघायला कुणी नव्हतं, एवढंच.

१९ मे, सोमवार

चिसालेसाहेब वयानं माझ्या धाकट्यापेक्षा लहान, पण डोक्यावर केवढं ओझं. मला नीट समजावून सांगितलं त्यांनी. टॅब अजून आपले नाहीत. राजधानीतल्या आरोग्य मंडळानं मंजुरी दिली तर राहतील, आणि मग सगळ्या जिल्ह्यांना मिळतील. मंजुरी पाहिजे तर जुलैअखेर शंभर बायांच्या अखंड रेघा दाखवायच्या. एकेका बाईचे अठ्ठेचाळीस तास. त्यात सगळं मिळून वीस मिनिटांपेक्षा जास्त रेघ तुटली की ती बाई बाद.

"आणि शंभर भरल्या नाहीत तर?" मी विचारलं.

"तर खोकी भरायची, आगोगो. तुम्हीच दोरी बांधा."

सिस्टर नमालोंबा टेबलावरून म्हणाल्या, "मग मला चार डोळे लावून द्या म्हणावं मंडळाला. दोन खोल्या, चाळीस बाया, आणि मी एकटी."

३ जून, मंगळवार

तीस बाया झाल्या, अखंड रेघा चारच.

कारण साधं आहे. न्हाणीघर मागच्या आवाराच्या टोकाला. टॅबच्या लहरी तिथवर पोचत नाहीत. बाईला चालत जायचं, रांगेत उभं राहायचं, गरम पाण्याची बादली येईपर्यंत थांबायचं, परत यायचं. दिवसातून दोनदा. टाक्यांची बाई कशी पळणार? चिसालेसाहेबांनी दोन दिवस बायांना खाटेवरच अंग पुसायला पाण्याचं भांडं देऊन बघितलं. एकजण म्हणाली, "सासूसमोर? त्यापेक्षा मला परत कापा." सगळी खोली पोट धरून हसली. हसताना टाके दुखतात म्हणून आणखी हसली.

साहेब मात्र हसले नाहीत. जेवलेही नाहीत. माझ्या डब्यातला न्सिमाचा, मक्याच्या पिठाचा गोळा पुढे केला तर एक घास घेऊन उठले.

५ जून, गुरुवार

आज मला एक गोष्ट सुचली आणि लहान मुलीसारखा आनंद झाला.

सकाळी हापशावर रांगेत होते. माझ्या पुढची बाई पोराला बघायला गेली, तर तिची बहीण येऊन तिच्या बादलीपाशी उभी राहिली. कुणी हूं की चूं केलं नाही. आपल्यात जागा बाईची नसते, घराची असते. बहीण उभी म्हणजे तीच उभी.

मग पट्ट्याचं तसं का नको? बाई न्हाणीघरात गेली की तिच्या सोबतिणीनं खाटेवर बसायचं आणि पट्टा आपल्या दंडाला बांधायचा. बाई परत आली की परत तिला. रेघ तुटतच नाही. आज तीन खाटांवर करून बघितलं. पट्टा फिरवायला पंधरा सेकंदसुद्धा लागत नाहीत.

२० जून, शुक्रवार

एकसष्ट रेघा झाल्या. सोबतिणींना मजा वाटते. पट्टा बांधून राणीसारख्या बसतात. काल एक म्हातारी म्हणाली, "माझ्या काळजाची कुणी चाळीस वर्षांत चौकशी केली नव्हती. बघा बघा, चालतंय ना?"

चिसालेसाहेब दारात उभे राहून बघत होते. मी जवळ जाऊन सांगायला लागले, तर हात वर करून म्हणाले, "आगोगो, मी काही बघितलं नाही. तुम्हीही मला काही सांगितलं नाही. पण रेघा फार सुंदर येतायत."

निळ्या वहीत पट्टा फिरवल्याचं टिपायचं का, विचारलं. म्हणाले, "वही पट्टा सुटल्याची आहे. तुमचा सुटतो कुठे?" खरंच होतं ते. मोठ्या शिकलेल्या माणसाचा हाच फायदा, गोष्ट चटकन सोडवून देतात.

सिस्टर नमालोंबांना मी बोलले नाही. त्यांना आधीच कामं थोडी नाहीत. आता त्या तासातासाला फेरी मारत नाहीत, मोठ्या टॅबकडे बघतात आणि पलीकडच्या खोलीत जास्त वेळ देतात. दोन्ही खोल्यांचं बरं झालं.

११ जुलै, शुक्रवार

अठ्ठ्याण्णव.

सातव्या खाटेवर तियामिके आली. वय एकवीस, पहिलंच, मुलगी झाली. तिची आई दोरोफे सोबतीण. बाजारात सुकी मासळी विकते, तोंडानं अशी की मासळीनंही उठून उत्तर द्यावं. माझ्याच वयाची. आल्या आल्या मला म्हणाली, "बहिणी, तू इथली डॉक्टर का?"

"मी फरशी पुसते आणि पट्टे बघते."

"मग डॉक्टरच. ते लोक नुसते येऊन जातात."

जावई उत्तरेकडचा, चहाच्या मळ्यात कारकून. त्यांच्यात मूल बापाच्या घरचं, आपल्यात आईच्या. दोरोफे म्हणते, "त्यांनी बोटभरसुद्धा दावा सांगितला तर मी पोरीला टोपलीत घालून मासळीखाली लपवीन." तियामिके म्हणाली, "आई, तिला वास येईल." दोरोफे म्हणाली, "येऊ दे. तुला आला होता, काय बिघडलं?"

पट्टा अकरा वाजता बांधला.

१२ जुलै, शनिवार

नव्व्याण्णव झाल्या. उद्या सकाळी अकराला तियामिकेचे अठ्ठेचाळीस तास भरले की शंभर. साहेब आज मला म्हणाले, "आगोगो, सातवी खाट डोळ्यांत तेल घालून सांभाळा."

दोरोफेला पट्टा बांधायला शिकवला. ठिपका हिरवा झाला तेव्हा म्हणाली, "म्हणजे मी जिवंत आहे. नवऱ्याला कळवायला पाहिजे." मी तिला बजावलं, पट्टा दंडाला असेपर्यंत खाटेवरून उठायचं नाही, दाराबाहेर तर अजिबात नाही. रेघ तुटली तर सगळ्यांची मेहनत वाया. तिनं मान डोलावली. शब्दाची पक्की आहे.

दिवसभर जुलैच्या थंडीत येणाऱ्या चिपेरोनी पावसाची गार भुरभुर. बाळ आईच्या नेसायच्या कापडात, चितेंजेत, गुंडाळून ठेवलंय, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर.

१३ जुलै, रविवार

तियामिके गेली.

मला सगळं क्रमानं लिहून ठेवायचंय.

सकाळी ती म्हणाली, गार वाटतंय, डोकं हलकं वाटतंय. चिपेरोनीत सगळ्यांनाच गार वाटतं. जावयाच्या घरची माणसं दुपारी बाळाला बघायला येणार होती, म्हणून तिला न्हायचं होतं. दहाच्या पुढे ती खाटेच्या कडेला बसली. ठिपका पिवळा झाला. उठून बसलं की बऱ्याच जणींचा होतो. सिस्टर नमालोंबांनी चष्मा लावला आणि खुर्चीवरून उठल्या. तेवढ्यात आम्ही पट्टा दोरोफेच्या दंडाला बांधला, ठिपका हिरवा झाला, आणि सिस्टर परत बसल्या.

तियामिके भिंतीला हात लावत गेली. मी तिला दारापर्यंत पोचवलं. बाळ चौथ्या खाटेवरच्या बाईनं घेतलं.

साडेदहाला दोरोफे म्हणाली, "उशीर करतेय."

मी म्हटलं, "रविवार आहे. रांग असेल."

थोड्या वेळानं परत म्हणाली, "बहिणी, मी जरा बघून येऊ?"

मी म्हटलं, "बस ना. वीस मिनिटं राहिलीत फक्त."

"मग तू जा."

मी जाणार होते. पण तिसऱ्या खाटेचा पट्टा सैल झाला होता, तो बघत राहिले. प्रार्थनाघरातून गाणी ऐकू येत होती. दोरोफे दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती, हलली तर काही सांडेल अशी. मधेच म्हणाली, "माझं काळीज धडधडतंय, तुझ्या डब्याला कळतंय का?" मी बघितलं. चौऱ्याऐंशी. हिरवा.

अकराला पाच कमी असताना पाण्याची बादली घेऊन गेलेली बाई ओरडत आली.

न्हाणीघराच्या फरशीवर ती भिंतीला टेकून बसलेली होती. पायाखाली फारसं रक्त दिसत नव्हतं. सगळं आत. एस्नार्टचं तसंच झालं होतं. डॉक्टर आले, हात लावला, म्हणाले, बराच वेळ झाला.

आत आले तेव्हा दोरोफे अजून खाटेवर बसलेली. तिला ओरडणं ऐकू गेलं होतं. चेहरा राखेसारखा झालेला. मला म्हणाली, "उठू का आता?"

घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. मी म्हटलं, "ऊठ."

१४ जुलै, सोमवार

सकाळी दोरोफे आणि तिचा भाऊ तियामिकेला गाडीवर घेऊन गेले. बाळ दोरोफेच्या पाठीला बांधलेलं. जाताना मला मिठी मारून म्हणाली, "तू होतीस म्हणून मला धीर होता."

त्या न्हाणीघरात पाच वर्षांत दोन बाया पडल्यात. मी तेव्हाच म्हटलं होतं, फरशी गुळगुळीत आहे.

पण शंभर पुऱ्या झाल्या.

२२ जुलै, मंगळवार

मंडळाच्या बाई आल्या. करड्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. एकही रेघ सोडली नाही. सातव्या खाटेच्या रेघेपाशी थांबल्या आणि बोट ठेवलं. दहा वाजून सतरा मिनिटांनी एकशे बावीस. लगेच शहात्तर.

म्हणाल्या, "माणसाचं काळीज असं एका उडीत खाली येत नाही. आणि मेलेल्या बाईचं अकरा वाजेपर्यंत चालत नाही. मला सांगा, यंत्र खोटं बोलतं की माणूस?"

बाई म्हणाल्या, "परवापर्यंत लेखी द्या."

त्या गेल्यावर चिसालेसाहेबांनी दार लावून घेतलं. मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले.

"आगोगो, यंत्राची चूक होती का?"

"नाही साहेब. यंत्रानं बरोबर दाखवलं. पट्टा दोरोफेच्या दंडाला होता."

"कुणी बांधला?"

मी खुर्चीवरून उठायला लागले.

ते म्हणाले, "हे बघा. एका बाईनं, घाबरून, एकदाच, आपल्या मनानं बांधला असेल, तर एक खाट बाद. ठीक आहे. दुसरी मी दोन दिवसांत भरतो. पण सगळ्याच खाटांवर असं चाललं होतं असं निघालं, तर शंभरच्या शंभर जातील. टॅब जातील. तुम्ही जाल, मी जाईन. आणि पुढची तियामिके कोण बघेल?"

मी फडकं उचललं आणि सातवी खाट पुसायला गेले.

२४ जुलै, गुरुवार

दोरोफेला गाडी पाठवून आणलं. बाळ पाठीवर. मक्याच्या पेजेसारखं शांत आहे ते मूल. दुधाची भुकटी इस्पितळानं दिली, ती साहेबांनी स्वतः काढून दिली. चांगले आहेत मनानं.

मंडळाला द्यायचा कागद दोन पानांचा होता. तिला वाचता येत नाही. साहेब म्हणाले, "आगोगो वाचतील. तुमची त्यांच्यावर माया आहे."

मी वाचला. मुलगी न्हायला गेली, आईनं पट्टा बांधला, यंत्र नीट चालू होतं, इस्पितळाबद्दल तक्रार नाही. मधल्या तीन ओळी मी सोडल्या. त्या कचेरीच्या ओळी होत्या. आधीच ज्या कानांवर एवढा भार पडलाय त्यांत आणखी कशाला घालायचं.

दोरोफेनं विचारलं, "तुझं नाव आहे का यात?"

"नाही."

"बरं केलंत. तुझी नोकरी जायला नको." असं म्हणून तिनं अंगठा उमटवला. जास्त शाई लागली होती ती माझ्या चितेंजेला पुसली, आणि म्हणाली, "माफ कर हं, डाग पडला."

मी तिला गाडीपर्यंत सोडलं. तिथे तिनं माझा हात धरला. "बहिणी, खरं सांग. मी उठून गेले असते तर?"

मी म्हटलं, "काही झालं नसतं. तिची वेळ आली होती."

हे बोलले ते चांगलं बोलले, असं मला वाटतं. तिला झोप तरी लागेल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मंजुरी आली. चिसालेसाहेबांनी सगळ्यांना फांटा पाजला. सिस्टर नमालोंबांनी घेतली नाही. त्या दिवसापासून त्या टॅबकडे बघत नाहीत, पूर्वीसारख्या तासातासाला फिरतात, आणि माझ्याशी कामापुरतं बोलतात. आज मी विचारलं, "सिस्टर, माझं काही चुकलं का?" त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी खुर्चीवरून उठले होते, आगोगो." एवढंच. त्यांना कुणी काही सांगितलंय का, कळत नाही.

मंजुरीच्या कागदावर एक अट आहे. पट्ट्यात ढवळाढवळ होऊ नये म्हणून यापुढे सोबतिणींना खोलीत सोडायचं नाही. त्यांनी शेडमध्ये थांबायचं, दुपारी एक तास जाळीतून भेटायचं. आता बाळंतिणीला पाणी कोण देणार, कूस कोण बदलणार, ते कागदावर नाही.

दारावर बसायला भरवशाचं माणूस पाहिजे होतं. मला बसवलंय. खुर्ची मिळाली, पाठीला आधार आहे. नोकरी आणखी तीन वर्षं वाढवली.

३० ऑगस्ट, शनिवार

एक म्हातारी दारात बसून राहिली दिवसभर. सून आत. दर थोड्या वेळानं विचारायची, "ती हाक मारतेय का?" मी सांगायचे, ठिपका हिरवा आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

दोरोफे आली. दारावर मला बघून हसली. "तू तर पोलीस झालीस."

वाळलेल्या उसिपा मासळीची पुडी आणली होती माझ्यासाठी. अंगानं निम्मी झालीय. पाठीवर बाळ नव्हतं.

जावयाच्या माणसांनी नेलंय. तियामिके कशी गेली ते कळावं म्हणून त्यांनी इस्पितळाकडून कागद मागितला, तो मिळाला, आणि त्यांनी तो गावप्रमुखासमोर वाचून घेतला. त्यात लिहिलंय की दोरोफेला पट्टा काढू नये अशी ताकीद दिली होती, ती तिनं मानली नाही, कुणालाही न सांगता मुलीचा पट्टा काढून स्वतःला बांधला, आणि त्यामुळे सिस्टरांना धोका कळला नाही. ते म्हणतात, जिनं लेकीला असं मारलं तिच्या हाती नात कशी द्यायची? गावप्रमुखानं निकालाआधी आठ दिवस दिलेत. तिच्याशी बाजारात कुणी बोलत नाही. मासळी पडून राहते.

"त्यांनी कागद बदलला बहिणी," ती म्हणाली. "माझा अंगठा उचलून दुसऱ्याच कागदावर लावला कुणीतरी. तू वाचलास तो असा नव्हता. तू शिकलेली आहेस, इस्पितळाची आहेस. येत्या शनिवारी गावप्रमुखासमोर ये आणि तू मला काय वाचून दाखवलंस तेवढं सांग. बास. पोर घरी येईल."

आत कुणीतरी पाणी मागत होतं. मी म्हटलं, "येते."

तिनं डोळे पुसले. म्हणाली, "मला माहीत होतं. मी भावाला म्हटलं, एनिफा आहे ना."

जाताना जाळीतून आत बघत राहिली. "सातवी कुठली?" तिनं विचारलं. मी दाखवली. त्यावर दुसरी बाई होती.

१० सप्टेंबर, बुधवार

साहेबांना सुट्टी मागितली. कशासाठी, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "जा ना आगोगो. तुम्हाला कोण अडवणार? फक्त तिथे बोलायला लागलात की कुठे थांबायचं, ते आधी ठरवून जा."

तीन ओळी सोडल्या ते सांगायचं, तर का सोडल्या ते सांगावं लागेल. मग पट्टा कुणी शिकवला ते. मग हापशावरची बादली. मग बाकीच्या नव्व्याण्णव.

१३ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर दारावर होते. नव्या चार बाया आल्या. बाराही ठिपके हिरवे.

संध्याकाळी दोरोफेच्या गावचा सायकलवाला निरोप घेऊन आला. पोर बापाच्या माणसांना दिली, उद्या ते तिला उत्तरेला नेतायत. दोरोफे सूर्य माथ्यावर येईपर्यंत म्हणत होती, थांबा, एक बाई यायची आहे. मग गावप्रमुखालाच तिनं सांगितलं, ती नक्की आजारी पडली असणार, नाहीतर आली असती, शब्दाची पक्की आहे.

सायकलवाल्याला विचारलं, मग मला काय निरोप?

म्हणाला, "त्यांनी विचारलंय, ताप उतरला का?"

मी त्याला पाणी दिलं. मग सांगून पाठवलं, अजून थोडा आहे म्हणावं.